पुढच्या खोलीतला मंद दिवा

ती. आक्काच्या पायांशी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत म्हणून तो कागदावरच घालतोय, पण पूर्ण घातला असं धर.) तुझा खांदा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला की तो आता घरचाच झाला? ते लंगडं मांजर अजून आहे का? तीन वर्षांनी तोंड उघडलं आणि आधी मांजराची चौकशी, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. कुठून तरी सुरुवात करावी लागते आणि मांजराशी माझं काही भांडण झालेलं नाही. यापुढे 'आमच्याकडे सर्व कुशल' असं लिहायची रीत आहे. ती आज मोडतोय.

अक्षर बघून दचकू नकोस. मी ओरडून लिहीत नाहीये. काचेवर खुणा करायचा जाड मार्कर आहे ना, त्याने लिहितोय आणि ओळ सरळ राहावी म्हणून कागदावर फ्रेमची पट्टी आडवी धरलीय. तरी काही ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील, त्या तू सोडव. पानावर जेमतेम नऊ ओळी बसतात, त्यामुळे पाकीट जाडजूड दिसेल. आत काही मौल्यवान नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर हल्ली नंबर मुलगा लावून देतो आणि मग अख्खं घर कान टवकारून भोवती उभं राहतं. शिवाय फोन तू ठेवून दिलास की संपलं. पत्र ठेवून दिलं तर निदान कधीतरी परत उचलता येतं. तीन वर्षांपूर्वी चार पाहुण्यांसमोर तू म्हणालीस की मी केलेली बाबांच्या फोटोची फ्रेम वाकडी आहे, मी म्हणालो आधी तुझे डोळे तपासून घे, आणि तू पिशवी उचलून चालती झालीस. त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

विषय दिव्याचा आहे. आमच्या पुढच्या खोलीतला, छताचा. तुला आठवत असेल, खिडकीला लागून माझं मोठं टेबल, त्यावर पट्ट्या, काचा, पुठ्ठे, आणि बरोबर वर ती ट्यूब. चाळीस वर्षं त्या टेबलापाशी उभा राहून मी लोकांच्या आजोबांना, नवरानवरींना आणि पदव्यांना चौकटीत बसवत आलो. पट्टीचा पंचेचाळीस अंशांचा काप माझ्या हाताला असा बसलाय की झोपेत उठवलंस तरी कोपरा जुळवून देईन, असं मी सांगत असे. चार महिन्यांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापिका आपल्या आईच्या फोटोची फ्रेम परत घेऊन आल्या. कोपऱ्यात फट होती. त्यांनी त्या फटीत आपलं नख घालून दाखवलं. मी त्यांना म्हणालो की नखं कापत जा. (तू तोंडाला पदर लावलास, कळलं मला.) त्या गेल्यावर मी कोपऱ्यावर बोट फिरवलं, तर फट होती. तेवढ्यात वरची ट्यूब फडफडली, आणि मला असं हायसं वाटलं म्हणून सांगू! दोषी सापडला. या उजेडात कोण काय कापणार? उजेड सुधारला नाही तर माझं काम संपलं, आणि काम संपलं तर मी या घरात कोण आहे हे मला ठाऊक नाही. म्हणून लगेच वायरमनला बोलावलं.

हा आमचा वायरमन म्हणजे खिशाला कायम टेस्टर लावलेला माणूस. गल्लीत त्याला टेस्टरच म्हणतात. बोलायला गोड, चढायला चपळ, आणि गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही हा त्याचा धर्म. पहिल्याच दिवशी त्याने छताची गोल डबी उघडली, आत न्यूट्रलची वायर सैल होऊन काळी पडलेली दाखवली, टोक कापून घट्ट बसवली आणि दहा मिनिटांत खाली उतरला. बटण दाबलं. ट्यूब फडफड न करता लागली. तो म्हणाला, झालं काका. मी वर बघितलं आणि म्हणालो, मंदच आहे. आता खरी गंमत इथून आहे. तुझ्या भावजयीने वर बघितलं आणि म्हणाली, हो, मंदच आहे. मुलगा म्हणाला, मंद वाटतोय खरा. सूनबाई कणीक मळत होती, ती हात तसेच घेऊन बाहेर आली, तिने छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, फारच मंद. टेस्टरने सगळ्यांकडे एकदा बघितलं, टेस्टर खिशातून परत काढला आणि शिडीवर चढला.

आमच्या घरची पद्धत तुला वेगळी सांगायला नको. तू या घरातून सासरी गेलीस तेव्हा मला नाही म्हणणारं शेवटचं माणूस गेलं. मग मी उरलेल्यांना नीट तयार केलं. एकदा मुलगा (तेव्हा कॉलेजात होता) भाजी खारट नाही असं म्हणाला, तर मी दोन दिवस जेवलो नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या घराने कबूल केलं की भाजी खारट होती. तेव्हापासून शांतता आहे. मी म्हणालो गार आहे की शाली निघतात, मी म्हणालो उकडतंय की शाली आत जातात. लोकांना वाटतं किती गुण्यागोविंदाने नांदतात. मलाही तेच वाटायचं. सगळे माझी री ओढतायत हे मला कळत नव्हतं असं नाही, पण ते माझं पटतं म्हणून ओढतायत असं मी धरून चाललो होतो.

तर टेस्टरचा शोध सुरू झाला. त्याची एक पद्धत आहे आणि ती मला फार आवडली: एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि फरक पडतो का ते बघायचं. बदलून फरक पडला नाही तर ती वस्तू निर्दोष, पुढे चला. मी त्याला म्हणालो, कोर्टात तुझ्यासारखी माणसं हवीत. आधी ट्यूब बदलली. मंद. चोक बदलला. मंद. ट्यूब काढून मोठा गोल दिवा लावला, होल्डर नवा बसवला, बटण बदललं, बोर्ड बदलला. मग म्हणाला वायर जुनी आहे, आतून कुजली असेल, म्हणून भिंत फोडून नवी वायर ओढली. आठ दिवस घरभर सिमेंटची धूळ. जेवताना दातांखाली कचकच आणि सगळे म्हणतायत की छे, काहीच धूळ नाही. (मी म्हणालो होतो ना, फारशी धूळ नाही.) प्रत्येक वेळी दिवा लागायचा, मी मान वर करायचो, मंद म्हणायचो, आणि मागे तिघांचा कोरस.

या दरम्यान मी शिडीला तीनदा धडकलो. शिडी खोलीच्या मधोमध, रंग पिवळाजर्द, वर माणूस, आणि मी सरळ चालत जाऊन तिला खांदा मारतो. तिसऱ्या वेळी टेस्टर पंख्याच्या हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळला आणि तिथून मला म्हणाला, काका, काही चुकलं असेल तर सांगा, पण असं करू नका. मी त्याच्यावरच उखडलो की शिडी बाजूला का ठेवत नाहीस. चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवतोय असं समजून हवेत सोडला, तोही दोनदा. दाराच्या चौकटीने कपाळाला टेंगूळ आणलं. या सगळ्याला कारण काय? मंद दिवा. मग मी म्हणालो, एका दिव्याने भागत नाही, चार लावा. चार लावले. आमची पुढची खोली आता अशी दिसते म्हणे की समोरच्या बाईंनी तुझ्या भावजयीला विचारलं, ऑपरेशनं इथेच करता का? गिऱ्हाईक आत आलं की कपाळाशी आडवा हात धरून उभं राहायचं. मला वाटायचं, आदराने सलाम करतायत. माझी सून टेबलावर जेवण आणून ठेवताना काळा चष्मा घालायची. मी विचारलं तर म्हणाली, फॅशन आहे. आता घरात ताटं वाढताना काळ्या चष्म्याची फॅशन मी कधी ऐकली नव्हती, पण नव्या मुली, म्हटलं असेल.

आणि चार दिव्यांखाली उभं राहून, आक्का, मी पट्टी कापायचो आणि कोपऱ्यात फट यायची.

मग तो मंगळवार आला. आभाळ भरून आलेलं, खोलीत दुपारीच संध्याकाळ. टेस्टरला आता मेन बोर्डचा संशय होता (घरात तेवढंच बदलायचं राहिलं होतं). त्याने काही खुडबुड केली आणि फ्यूजची वायर आणायला दुकानात गेला. मी टेबलापाशी उभा होतो, एक पट्टी हातात. एवढ्यात आभाळ फाटलं आणि खिडकीतून उन्हाची तिरीप सरळ टेबलावर आली. टेबल लख्ख दिसलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मला पट्टीवरची खूण दिसली! मी ओरडलो, आला! आला उजेड! सगळे धावत आले. तुझी भावजय वर छताकडे बघत म्हणाली, आला हो, काय झगझगीत आला! मुलगा म्हणाला, टेस्टरने शेवटी पकडलंच बघा. सूनबाईने डोळ्यांवर हात धरून म्हटलं, डोळे दिपले बाई. आम्ही चौघं छताकडे माना वर करून उभे होतो आणि सगळ्यांच्या मानेवरून घाम निथळत होता. तेवढ्यात टेस्टर दारात आला, हातात वायरची गुंडाळी. त्याने आमच्याकडे बघितलं, मग छताकडे, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, मेन बंद आहे. मी पाडून गेलोय."

वर पंखासुद्धा थांबलेला होता. घाम त्यामुळेच.

ऊन तेवढ्यात गेलं आणि खोलीत पुन्हा काळोखी आली. मी खुर्चीवर बसलो. (खुर्ची होती तिथे बसलो, हे त्या महिन्यातलं माझं मोठंच यश.) माझा तिळपापड होणार म्हणून सगळे खांदे आवळून उभे होते, मलाही वाटत होतं की आता होईल, पण झाला नाही. मी विचारलं, दिवा कधीपासून नीट आहे? तुझी भावजय साडीच्या काठाशी चाळा करत म्हणाली, पहिल्या दिवसापासून. म्हणजे ती काळी वायर कापून बसवली तेव्हापासून. तोवर फडफडत होता, तेवढं खरं होतं. नंतर चार महिने आम्ही एका निरोगी दिव्यावर उपचार करत होतो. मी म्हणालो, मग एकालाही बोलता आलं नाही? मुलगा खाली बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही विचारलं कुठे होतंत? तुम्ही सांगितलं होतंत." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं.

टेस्टर शिडी आवरत होता. मी त्याला म्हणालो, तुझ्या पद्धतीत पुढे काय करतात? ट्यूब बदलली, चोक बदलला, होल्डर, बटण, बोर्ड, वायर, सगळं बदलून फरक पडला नाही, सगळे निर्दोष. तो म्हणाला, जे बदललं नाही तिथे बघायचं काका. आणि मग माझ्याकडे न बघता शिडी दुमडत बसला. दोनच पायांची शिडी, ती दुमडायला त्याला इतका वेळ मी कधी लागलेला पाहिला नव्हता. या अख्ख्या सर्किटमध्ये आता जुनी वस्तू एकच राहिली होती आणि ती खुर्चीत बसली होती.

मेन चालू केल्यावर मी सगळ्यांना आत पाठवलं आणि टेस्टरसारखीच तपासणी केली. चारही दिवे लावले. डावा डोळा तळहाताने झाकला. उजव्याने बघितलं तर धुरकट, ओल्या पुठ्ठ्यासारखं. मग उजवा झाकला. डाव्याने लांबचं मधोमध स्पष्ट दिसतं, अगदी दिव्यावर बसलेली माशीसुद्धा, जवळचं बारीक मात्र नाही, आणि बाजूला तर काहीच नाही. काळं नाही, पांढरं नाही, नाहीच. पुठ्ठ्याची नळी करून बघावं तसं. शिडी का दिसत नव्हती, कप का दिसत नव्हता, ते तिथेच समजलं. किती दिवस असं चाललंय ते ठाऊक नाही. दुसरा डोळा पहिल्याचं काम झाकून नेत असणार, तेही आमच्याच घरातले ना. टेस्टरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की त्याच्या मामाचं असंच होतं, मामा वेळेत डॉक्टरकडे गेले असते तर, आणि तिथे त्याने वाक्य सोडून दिलं. गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही ना. मी त्याला खोदून विचारलं तरी तो म्हणे, मामांचं वेगळं होतं काका, तुमचं काही नसेल. हाच माणूस चार महिने शिडीवर चढून मला हो ला हो करत होता.

मला भीती वाटतेय, आक्का. हे वाक्य मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही, म्हणून ते दोनदा पट्टी धरून नीट सरळ लिहिलंय. काळोखाची वाटते, कामाची वाटते, पण त्याहून जास्त अशी वाटते की उद्या मला पूर्ण दिसेनासं झालं आणि मी विचारलं, दिवा लागलाय का, तर ही माझी गुणी माणसं काय सांगतील याचा मला काडीचा भरवसा नाही. त्यांचा दोष नाही. ती वायरिंग मी केलीय.

असो. फार लांबलं. भावोजींना नमस्कार, मांजराला जे काही देतात ते. माझ्यावर राग ठेवायचा असेल तर ठेव, फक्त थोडा कमी कर.

तुझा,
धाकटा

ता.क. हे पत्र घरात कुणालाही वाचून तपासायला दिलेलं नाही. दिलं असतं तर सगळे म्हणाले असते, सुरेख लिहिलंय. पाकिटावर पत्ता टेस्टरने घातलाय आणि पेटीतही तोच टाकणार आहे. त्याला मी विचारलं, अक्षर वाचता येतंय ना? तो म्हणाला, मोत्यासारखं आहे. तेव्हा तू वाचायला भिंग घेऊन बस.

ता.क. दुसरा. खरं काम आता लिहितो, इतका वेळ धीर झाला नाही. येत्या गुरुवारी सकाळी दहाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. ते तपासतील आणि कागदावर काहीतरी लिहून देतील. तो कागद मला वाचता येणार नाही. घरच्यांना वाचायला दिला तर त्यावर काहीही लिहिलेलं असो, मला एवढंच ऐकू येईल की सगळं ठीक आहे, वयामुळे आहे, थेंब घाला. आणि माझे आणखी चार महिने जातील. मला तो कागद जसाच्या तसा वाचून दाखवणारं माणूस हवंय. या जगात मला तोंडावर नाही म्हणणारं तू एकटीच उरली आहेस. बुधवारी येऊन राहा. आवाज मऊ करून वाचू नकोस, ते तुला जमतही नाही.

ता.क. तिसरा. एक अक्षर लिहिणार नव्हतो, पण पान उरलंय. काल सगळे बाहेर गेल्यावर बाबांचा फोटो भिंतीवरून खाली काढला. बघून उपयोग नव्हता, म्हणून डोळे मिटले, कोपऱ्याला काटकोन बघायचा गुण्या लावला आणि बोटाने चाचपलं. चारही कोपरे. फट उजवीकडे खालच्या कोपऱ्यात आहे, नख जातं. तीन वर्षं भिंतीवर तशीच आहे आणि आल्या-गेल्या प्रत्येकाने मला सांगितलंय की काय देखणी फ्रेम केलीत. परत टांगलेली नाही, टेबलावर ठेवलीय. तुझे डोळे तपासून घे असं मी तुला म्हणालो होतो. बाबांची फ्रेम वाकडी आहे, आक्का.